तीन वाट्या चिंचोके

आमच्या शेजारचे खळदकर काका कुणालाही ‘कसे आहात?’ असं विचारत नाहीत. ते विचारतात, “कोणत्या लेननं आलात?”

दारात पाहुणा असो, गॅस सिलिंडरवाला असो, नाहीतर काकांचं ब्लडप्रेशर बघायला आलेला डॉक्टर असो, प्रश्न हाच. डॉक्टर बिचारे पहिल्यांदा म्हणाले, “मी जिन्यानं आलो.” काकांनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की त्या दिवशी ब्लडप्रेशर खरं तर डॉक्टरांचं बघायला हवं होतं.

आमची सोसायटी वारज्यात, हायवेला अगदी लागून. बिल्डरनं जाहिरातीत ‘मुबलक हवा’ असं छापलं होतं. हवा मुबलक आहे, फक्त डिझेलची आहे. आम्ही सगळे खिडक्या लावून बसतो. काका मात्र रोज सकाळी साडेआठला चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकतात. समोर स्टूल, स्टुलावर स्टीलच्या तीन वाट्या, आणि मांडीवर चिंचोक्यांचा डबा. डावी लेन, मधली लेन, उजवी लेन. ट्रक ज्या लेननं गेला त्या वाटीत एक चिंचोका. टेम्पो धरत नाहीत. साडेनऊला तिन्ही वाट्या मोजून आकडे वहीत लिहितात आणि मगच दुसरा चहा घेतात. समोरच्या बिल्डिंगमधल्या एक आजी कितीतरी दिवस त्यांना लांबूनच नमस्कार करायच्या. त्यांना वाटायचं, हे जपाला बसतात.

काकांची सगळी नोकरी जकात नाक्यावर झाली. शहरात येणारा प्रत्येक ट्रक तेव्हा नाक्यावर थांबायचा, आणि काका खिडकीतून हात बाहेर काढून कागद मागायचे. अजूनही ताडपत्रीच्या गाठीवरून ते आतला माल ओळखतात. “हा कांदा. बाजाराला निघालाय. पण बाबा, उजवीकडून कशाला चाललायस?” हे शेवटचं वाक्य चौथ्या मजल्यावरून, थेट ड्रायव्हरला.

मी एकदा सहज म्हणालो, “काका, आपल्याकडे ड्रायव्हर लोकांना शिस्तच नाही.”

“अहो कुलकर्णी, हे तुमचं मत झालं. मला मत नको. निरीक्षण द्या.”

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. आंब्यापासून सरकारपर्यंत कशालाही लागू. आमच्या हिनं एकदा उपमा पाठवला आणि मीठ बरोबर आहे का विचारलं, तर म्हणाले, “मत सांगू की निरीक्षण?” त्यानंतर आमच्याकडून त्यांच्याकडे उपमा गेलेला नाही.

निरीक्षण मात्र पक्कं होतं, हे मला मान्य करावं लागेल. भरलेला ट्रक उजवीकडून का जातो? कारण डावीकडे कुणीतरी टायर बदलत बसलेलं असतं, नाहीतर एखादी रिक्षा उलटी येत असते. पण आमच्या इमारतीच्या जरा पुढं, पुलाच्या अलीकडे, ज्या ट्रकना खाली उतरायचं असतं ते सगळे एकदम उजवीकडून डावीकडे घुसतात. “तिथं डाव्या लेनमधल्या दुचाकीचं काही खरं नाही,” काका म्हणायचे. “दुचाकीनं सर्व्हिस रोडच धरावा.” पाण्याच्या टाकीसाठी बोलावलेल्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही त्यांनी उठून हेच सांगितलं. चेअरमन म्हणाले, “काका, टाकीचं काय?” काका म्हणाले, “टाकी कुठं जात नाही.”

मला वाटायचं, माणूस एकटा आहे, काकू गेल्या, वेळ घालवायला काहीतरी हवं. हे अर्थातच माझं मत होतं.

मग मागच्या महिन्यातल्या एका मंगळवारी, सव्वानऊला, त्यांनी आमची बेल वाजवली. मोजणीच्या वेळेत काका खुर्ची सोडून उठले, हेच मुळात अघटित. लेन विचारली नाही.

“कुलकर्णी, ती आज गेली नाही.”

“कोण?”

“मेधा. पिवळं हेल्मेट. रोज नऊ पाचला खालून जाते.”

मेधा म्हणजे त्यांची मुलगी. राहते आंबेगावला, नोकरी हिंजवडीत. दीड वर्षापूर्वी तिनं स्कूटर घेतली तेव्हा काका म्हणाले होते, त्या रस्त्यानं दुचाकीवर जायचं नाही. ती चिडून म्हणाली, “बाबा, तुम्हाला काय माहीत ट्रक कुठून जातात? तुम्ही जन्मभर थांबलेले ट्रक बघितलेत. हे तुमचं नुसतं मत आहे.” तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद, आणि काकांच्या वाट्या सुरू. एकाच घरातली हट्टी माणसं ती.

हे सगळं त्यांनी मला दारातच उभ्या उभ्या सांगितलं. मी म्हणालो, “अहो, मग आधी फोन का नाही केलात?”

“अभ्यास पुरा व्हायचा होता,” काका म्हणाले. हातात अजून तीन-चार चिंचोके होते.

मला फार वाईट वाटलं. दीड वर्षं मी या माणसाच्या वाट्यांना हसत होतो. मी नंबर घेऊन फोन लावला. चार रिंग वाजल्या, तेवढ्यात काकांनी माझा दंड धरला होता. मेधानं उचलला. स्कूटर सर्व्हिसिंगला दिली होती, म्हणून ती घरूनच काम करत होती. मी फोन स्पीकरवर टाकून काकांपुढं धरला.

काका फोनकडे वाकून म्हणाले, “कोणत्या लेननं जातेस तू?”

पलीकडून हळूच, “डाव्या.”

“माहितेय. रोज बघतो. पुलाच्या अलीकडे ट्रक डावीकडे घुसतात. मत नाही हे, वह्या आहेत माझ्याकडे. सर्व्हिस रोडनं जात जा.”

“सर्व्हिस रोड दुकानांच्या पत्र्यांखालून जातो, बाबा.”

“मग?”

“तिथून तुमची गॅलरी दिसत नाही.”

काका मटकन आमच्या चपलांच्या रॅकवर बसले. मी आत जाऊन उगाचच पाणी आणलं. परत आलो तेव्हा ते फोनमध्ये सांगत होते, “मी खाली येतो. तू खालून जा, मी खाली येतो.”

हल्ली सकाळी काका सर्व्हिस रोडवर, चहाच्या टपरीशेजारी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसतात. मोठ्या रस्त्यावरून ट्रक धडधडत जातात, त्यांच्याकडे ते मानही वळवत नाहीत. वाटी एकच आणतात. काल मी तिथून बँकेत निघालो होतो, नऊ वाजून दहा मिनिटं झाली असतील.

“काका, झाली मोजणी?”

“झाली,” काका म्हणाले, आणि वाटी तिरकी करून मला आतला एकुलता एक चिंचोका दाखवला.