धांड्याची गाडी आणि वरचा कारागीर

लेकरं सांभाळायची कला अंगातच असावी लागते, आणि ती माझ्या अंगात भरपूर आहे, असं मी नीलम्मावैनीला छातीवर हात ठेवून सांगितलं. अठ्ठेचाळीसचा उन्हाळा होता. निजामाचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं, पण ते आम्हाला तेव्हा कुठं ठाऊक! ताडकळसला दिवस मावळायच्या आत दारं लागत. माझा थोरला भाऊ बसवंतराव याच्या नावाचं वॉरंट निघालं होतं, कारण शाळेवर तिरंगा लावणाऱ्यांत तो होता. "पिंगळीला आगगाडीत बसून निजामाच्या हद्दीबाहेर, मनमाडला गेला," असं गावभर सांगितलं होतं. लेकरांनाही तेच सांगितलं.

खरं म्हणजे तो आमच्याच ओसरीच्या माळ्यावर, मिरच्यांच्या पोत्यांआड बसला होता.

"भाऊजी," वैनी हळूच म्हणाली, "लेकरं बाहेर गेली तर कुनाजवळ काय बोलतील नेम न्हाई. वर चढली तर त्याहून वाईट. घरातच ठेवायची, पन गोंधळ न्हाई झाला पाहिजे."

"वैनी, तुमी निवांत भाकऱ्या थापा. लेकरं माझ्यावर सोडा!"

तीन लेकरं. थोरली शांतम्मा, नऊ वर्षांची आणि नव्वद वर्षांच्या म्हातारीसारखी शहाणी. मधला मन्मथ, जो कशावरही चढायचा. आणि धाकटी चन्नू, जिला गप्प बसणं ही शिक्षा वाटायची.

दुपारपर्यंत माझ्या गोष्टी संपल्या. चिंचोके संपले. घोडा होऊन होऊन माझे गुडघे सोलले. मी म्हटलं, जरा बाजारात चक्कर मारून येतो, तर तिघंही पायाला चिकटली. शांतम्मा म्हणाली, "काका, धांड्याची गाडी करून द्या की!"

गोठ्यात कडबा पडलेलाच होता, आणि फुकट होता. ज्वारीचा धांडा घ्यायचा, वरची साल सोलायची, आतल्या पांढऱ्या गाभ्याचे तुकडे करायचे आणि सालीच्या काड्यांनी एकमेकांत टोचायचे. चष्मा होतो, पाळणा होतो, बैलगाडी होते. आमच्याकडं कुठलंही पोर करतं. मी सोडून! पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

पहिल्याच धांड्यानं माझं बोट कापलं. सालीची धार म्हणजे न्हाव्याचा वस्तरा! वैनीनं चिंधी बांधली. मग मी गाडी केली. तिचं एक चाक अंड्यासारखं, दुसरं वेड्यावाकड्या चानकी-भाकरीसारखं, आणि बैल बसलेल्या कुत्र्यांसारखे. मन्मथनं विचारलं, "काका, हे डुक्कर हाय का?"

त्या रात्री ती गाडी तशीच ओसरीवर राहिली. सकाळी बघतो तर चाकं गरगरीत गोल! बैलांना शिंगं, वशिंडं, गळ्यात काडीची घागरमाळ. मी वर पाहिलं. माळ्याच्या फळ्यांमध्ये पोती वर ओढायला हातभर चौकोन ठेवलेला असतो, त्यातून दोन डोळे हसत होते.

"कुनी केली ही?" चन्नूनं विचारलं.

"मी!" मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

तिथून सगळं बिघडलं. लेकरांनी पालखी मागितली, आगगाडी मागितली, पोखर्णीच्या नरसिंहाचं देऊळ मागितलं. मी लेकरांची पाठ वळली की धांडे वर सरकवायचो, दादा वरून वस्तू सोडायचा. महिना महिना अंधारात बसून माणूस किती आंबला असेल! आता या नादात त्याला भूकसुद्धा राहिली नव्हती. भाकरी परत यायची आणि वरून दबका आवाज यायचा, "गुरुपाद, जाड धांडे दे रे, जाड! हे आगगाडीला चालत न्हाईत."

कुणी आलं तर मी दोनदा खोकायचं, म्हणजे त्यानं दगडासारखं पडून राहायचं, ही आमची खूण होती. पण धांड्यांचा भुसा माझ्या नाकातोंडात जाऊन मी सकाळपासून शंभरदा खोकत होतो. पहिल्या पहिल्यांदा वरचा बिचारा लपून बसायचा. मग त्यानं माझ्या खोकल्याकडं लक्ष देणंच सोडलं.

आणि निजामाच्या पोलिसांचा जमादार दाऊदखां आला.

दोन शिपाई दारात उभे केले आणि तो ओसरीवर चढला. उंच, पिकल्या मिशांचा माणूस. मी खोकलो. पुन्हा खोकलो. क्षयाच्या रोग्यासारखा खोकलो!

"बसवंतराव किधर है?"

"मनमाडला," शांतम्मा ताठ उभी राहून म्हणाली.

"झूट बोले तो जुबान कटती, बेटी."

"मनमाडला," ती पुन्हा म्हणाली. वैनी चौकटीला धरून उभी होती, तिच्या हातावरचं पीठ वाळून गेलं होतं.

तेवढ्यात वरून, सुतळीला बांधलेली, हळूहळू गोल फिरत, एक बैलगाडी खाली आली. दोन बैल, जू, बसायचा साटा, आणि पुढं फेटा बांधलेला गाडीवान. ती जमादाराच्या नाकासमोर येऊन लटकली.

"आली!" चन्नूनं टाळ्या वाजवल्या.

जमादारानं गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "ये कौन दिया?"

"व... वरच्यानं."

"कौन ऊपरवाला?"

"देव! हमारा देव देता है!"

जमादार वर बघत राहिला. माळ्यावर उंदीरसुद्धा हलत नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर परभणीचा तुरुंग आला, वैनीचं मोकळं कपाळ आलं. मी मनातल्या मनात गळ्यातलं इष्टलिंग घट्ट धरलं.

दाऊदखां उकिडवा बसला. जाड बोटांनी त्यानं सुतळीची गाठ सोडली, गाडी तळहातावर घेतली आणि चाक फिरवून पाहिलं. "घर में छोटे कू गोवर निकली," तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. "अंदर पड़ा है. बाहर जाने कू रोता."

शांतम्मानं कोनाड्यातला धांड्याचा चष्मा काढला आणि त्याच्यापुढं धरला. त्यानं तोही घेतला.

दारात जाऊन तो शिपायांना म्हणाला, "कुछ नै इधर. चलो." मग मागं वळून हलक्या आवाजात मला म्हणाला, "ऊपरवाले कू बोलो, बैल का एक सींग छोटा हुआ. और कल बड़े साब खुद आ रे. उनके घर में बच्चे नै."

दिवस मावळताच दादा कडब्याच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन गड्यासारखा मळ्याच्या वाटेनं निघून गेला. जाताना त्यानं तिन्ही लेकरांच्या डोक्यावरून हात फिरवला. पुढं पावसाळा सरला, राज्य गेलं, आणि तो दाढी वाढवून घरी आला. पण त्या संध्याकाळी हे कुणाला माहीत होतं! आम्ही सगळे चुलीपुढं बसलो होतो.

घराला धीर द्यायचा म्हणून मीच बोललो. "काही असो वैनी, बाप वर हाय याचा शेवटपर्यंत लेकरांना पत्ता लागू दिला न्हाई मी!"

शांतम्मानं माझ्याकडं कीव केल्यासारखं पाहिलं. "काका, आमाला पहिल्या दिवसापासून माहीत व्हतं."

"मंग धांड्याच्या गाडीसाठी एवढा हट्ट कशाला?"

"आई म्हनली व्हती," चन्नू मध्येच ओरडली, "काकाला घरात गुतवून ठेवा! बाजारात गेले की काकाच्या तोंडाला कुलूप राहत न्हाई!"

मी वैनीकडं पाहिलं. ती खाली वाकून जोरजोरात चूल फुंकत होती. चूल कधीची पेटलेली होती.