डांबरताई आणि उडती चादर

"ते यंत्र माझ्या टेबलावरून आत्ताच्या आत्ता उचल, नाहीतर डांबरात बुडवून गच्चीला फासून टाकीन!"

हे वाक्य भल्या सकाळी स्वयंपाकघरातून सुटलं आणि थेट बाथरूममध्ये घुसलं. तिथे तोंडभर फेस घेऊन उभ्या असलेल्या बटण्याच्या हातातला ब्रश गळून पडला.

बटण्या म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ. जगातल्या प्रत्येक अडचणीवर कुठेतरी एक बटण असतं आणि ते दाबलं की झालं, अशी त्याची श्रद्धा, म्हणून हे नाव. आणि ताई म्हणजे डांबरताई. गळक्या गच्च्यांवर डांबराचा थर देऊन गळती थांबवायचा धंदा त्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभा केला होता. डांबर तापायला वेळ लागतो, ताईंना लागत नाही, असं त्यांची माणसं म्हणायची. पण दबक्या आवाजात, आणि ताई दुसऱ्या गच्चीवर असतील तेव्हाच.

ताईंच्या रागाचा एक कायदा होता. परक्या माणसावर त्या आवाज चढवत नसत. परक्यासाठी 'अहो', 'बरं हं', 'काही हरकत नाही'. ओरडणं फक्त आपल्या माणसांसाठी राखीव. त्यांचा सगळ्यात जुना गडी तर छाती फुगवून सांगायचा, "ताई मला पहिल्यांदा 'मेल्या' म्हणाल्या ना, त्या दिवशी समजलो, आपली नोकरी पक्की!"

टेबलावरच्या बटण्याच्या ड्रोनला त्या अजून 'मेल्या' म्हणाल्या नव्हत्या. 'ते' म्हणत होत्या.

"ताई, अगं बॅटरी चार्ज करत होतो," बटण्या फेस पुसत आला.

"मग रात्री काय केलंस? आणि आत्ता ते हवेत कशाला उडवत होतास?"

"टेस्टिंग! हे बघ, तुझा वरून फोटो. भांग थोडा वाकडा आलाय."

ताईंच्या तळपायाची आग अशी काही मस्तकात गेली की वाकडा भांग आपोआप सरळ झाला असेल. पण कप आपटून त्या गप्प बसल्या, कारण आज त्यांना या यंत्राची गरज होती आणि राग नेमका त्याचाच होता.

झालं होतं असं. गावाबाहेरच्या एका वसाहतीतल्या सगळ्या गच्च्या ताईंनी गेल्या वर्षी करून दिल्या होत्या. सगळी घरं कोरडी ठणठणीत. फक्त वसाहतीचे चेअरमनसाहेब झोपायचे त्या खोलीत छतातून टपटप, तीही बरोब्बर त्यांच्या उशीवर. चेअरमनसाहेबांनी गावभर करून टाकलं, "त्या बाईंचं कामच गळकं!" ताई बघायला गेल्या, तर साहेब जिन्यातच आडवे आले. "माझ्या गच्चीवर आता कुणी पाय ठेवायचा नाही. केलीत तेवढी खराबी पुरे!"

तेव्हापासून दोन गिऱ्हाइकं हातची गेली होती. धंद्यात माणसाचं नाव एकदा गळायला लागलं की त्याला कुठलंच डांबर पुरत नाही. आणि आज वसाहतीची कमिटी ठरवणार होती, यापुढे गच्च्यांचं काम ताईंकडे ठेवायचं, की पांढरे बूट घालून येणाऱ्या त्या नव्या कंत्राटदाराकडे द्यायचं. गच्चीच्या धंद्यात पांढरे बूट! ताईंना त्या बुटांचाही वेगळा राग होता. त्याने म्हणे ड्रोनने फिल्म काढून आणली होती, खाली संगीतबिंगीत घालून. मग कमिटीच्या खजिनदारकाकूंनी फर्मान काढलं की ताईंनीही वरून चित्रण दाखवावं, म्हणजे तुलना होईल. घराघराची संमतीही काकूंनीच गोळा केली. चेअरमनसाहेबांनी सगळ्यात आधी दिली. वरून दिसून दिसून काय दिसणार?

"पंचवीस वर्षं मी गच्चीवर गुडघे टेकून काम केलं," टेम्पो चालवताना ताई धुमसत होत्या, "आणि आता माझी साक्ष कोण देणार, तर तुझं ते उडतं झुरळ!"

"चार पंखांचं आहे, ताई. झुरळाला—"

"गप बस, मेल्या!"

वसाहतीच्या मधल्या मोकळ्या जागेत एकच झाड होतं. ताईंनी टेम्पो बरोबर त्याच्या सावलीच्या कडेला लावला. कमिटीच्या ऑफिसातला टीव्ही बाहेर आणून टेबलावर ठेवला होता. बटण्याने त्याला कसलीशी जोडणी केली आणि ड्रोन घेऊन टेम्पोच्या टपावर चढला.

"खालून उडव की!"

"खाली धूळ आहे, पात्यांत जाईल. आणि हे बघ, या बटणावर घराचं चित्र आहे ना? बॅटरी संपत आली की हा आपला आपण घरी परत येतो."

"म्हणजे माझ्या टेबलावर?"

"नाही गं! जिथून उडाला ते त्याचं घर. आज हा टप म्हणजे त्याचं घर."

"तुझ्यापेक्षा शहाणं म्हणायचं. तुला तर संध्याकाळी दहा फोन करावे लागतात."

ड्रोन भुणभुणत वर गेला. बटण्या खाली उतरला, हातातल्या पडद्यात डोकं घातलं आणि जगातून उठला. टीव्हीवर एकेक गच्ची दिसू लागली. काळी, गुळगुळीत, कुठे भेग नाही की फोड नाही. ताईंच्या ओठांचा एक कोपरा जेमतेम वर चढत होता, तेवढ्यात चेअरमनसाहेब आले.

चेअरमनसाहेब उंचीला बेताचे आणि आवाजाला भरपूर. म्हणून ते कुठेही बोलायचे तर एक लाकडी खोकं बरोबर आणायचे आणि त्यावर उभे राहायचे. आजही शिपायाच्या डोक्यावर खोकं होतं.

"हा टेम्पो हलवा. सावलीत कमिटी बसणार."

"अहो, चित्रण चालू आहे. पाच मिनिटं—"

"मग कमिटीला काय उन्हात वाळत घालू? आधीच तुमच्या कृपेने माझी गादी वाळत पडलीये!"

कमिटीतले दोघं खो खो हसले. ताईंच्या कानशिलावरची शीर टरारली. पण माणूस परका. "बरं हं, चेअरमनसाहेब," त्या इतक्या गोड आवाजात म्हणाल्या की बरोबर आलेला त्यांचा जुना गडी दोन पावलं मागे सरकला.

"बटण्या, टेम्पो हलवतेय मी!"

"हं."

पडद्यात डोकं घातलेल्या माणसाचं 'हं' म्हणजे काहीच न ऐकल्याची पावती. पण ताई रागात होत्या. त्यांनी गिअर असा टाकला की टेम्पो कळवळला, आणि भिंतीच्या पलीकडे नेऊन करकचून ब्रेक मारला. मागची डांबराची बादली कलंडली. "आता तूही!" बादलीवर ओरडून (बादली घरची होती) त्यांनी लांब दांड्याचा झाडू घेतला आणि सांडलेलं डांबर गोळा करू लागल्या.

इकडे टेम्पोच्या जागेवर खुर्च्या लागल्या. कडेच्या खुर्चीवर पांढरे बूटवाला कंत्राटदारही येऊन बसला. मधोमध खोकं ठेवलं गेलं. चेअरमनसाहेब टीव्हीकडे पाठ करून त्यावर चढले.

"बंधुभगिनींनो! ज्या बाईंनी माझ्या छताची चाळण केली, त्यांना पुन्हा काम द्यायचं का?"

टीव्हीवर त्यांचीच गच्ची आली. मध्यभागी काहीतरी उंच, वरपासून खालपर्यंत जुन्या झिरझिरीत चादरीत गुंडाळलेलं. खजिनदारकाकू विणकाम करत होत्या, त्यांच्या सुया थांबल्या.

"ते काय आहे रे?"

"जवळून बघू, काकू," म्हणत बटण्याने ड्रोन खाली घेतला. पंख्यांच्या वाऱ्याने चादर फुग्यासारखी फुगली, फडफडली, तिचं टोक ड्रोनच्या पायात अडकलं. बटण्याने घाबरून वर जायचं बटण दाबलं. आणि चादर सुर्रकन निघाली!

खाली पुतळा होता. सिमेंटचा, वर सोनेरी रंग. अंगात कोट, एका हातात गुंडाळलेला कागद, दुसरा हात जनतेला आशीर्वाद देत वर. उंचीला भरपूर, पण चेहरा हुबेहूब चेअरमनसाहेबांचा!

सगळे आ वासून बघत राहिले. सभा इतकी चिडीचूप झाली की चेअरमनसाहेबांना वाटलं, भाषण काळजाला भिडलं. त्यांनी आवाज आणखी चढवला आणि एक हात वर केला. बरोबर पुतळ्यासारखा.

"मी विचारतो, सत्य किती दिवस झाकून राहणार?"

तेवढ्यात बटण्याच्या हातातला पडदा पीं पीं करू लागला. सकाळी ताईंचा भांग टिपण्यात अर्धी बॅटरी गेली होती. ड्रोनने आपला आपण निर्णय घेतला: घरी जायचं.

"येतोय, येतोय, आता टपावर बसेल," बटण्या म्हणाला आणि त्याने पहिल्यांदा मान वर केली. टप नव्हता. टेम्पोच नव्हता. टेम्पोच्या जागी खोकं होतं, खोक्यावर चेअरमनसाहेब होते, आणि त्यांच्या डोक्यावर चादर लोंबकळवत ड्रोन घरी उतरत होता.

"साहेब, सरका!"

"मी सरकणार नाही! मी सत्यासाठी—"

पुढचं वाक्य चादरीत गेलं. डोक्यापासून बुटापर्यंत साहेब झाकले गेले. वर भुणभुणाट, आत आरडाओरडा, आणि एक हात अजून वरच. गलका ऐकून ताई हातातल्या झाडूसकट धावत आल्या. बघतात तो पांढरं काहीतरी खोक्यावर नाचतंय आणि ते यंत्र त्याच्या टाळूवर बसू पाहतंय!

"बटण्या! माणूस मारतोस का, मेल्या?"

असं म्हणून त्यांनी पंचवीस वर्षांच्या सरावाने झाडू फिरवला. खप्प! ड्रोन थेट झाडूच्या डांबरात रुतला, दोनदा घरघरला आणि चिकटपट्टीवरच्या माशीसारखा गप्प झाला. टीव्ही काळाकुट्ट झाला.

"काढा! मला बाहेर काढा!" चादर ओरडली.

"थांबा हो," खजिनदारकाकू शांतपणे म्हणाल्या, "अनावरण कुणाच्या हस्ते करायचं ते आधी ठरवू."

कमिटी हसून हसून खुर्च्यांवरून घसरायची राहिली. ताईंना काहीच कळेना. आपण काम गमावलं, यंत्र मोडलं, वर चेअरमनला झोडायला गेलो, एवढंच त्यांना दिसत होतं. त्या बटण्यावर तुटून पडणार, तोच तो ओरडला, "ताई, थांब! मागचं दाखवायचं बटण आहे!"

आयुष्यात पहिल्यांदा बटण्याचं बटण वेळेवर चाललं. टीव्हीवर पुन्हा गच्ची आली, चादर सुटली, पुतळा दिसला. सगळे पुतळ्याच्या तोंडाकडे बघत होते. ताई एकट्या त्याच्या पायाकडे बघत होत्या. वाऱ्याने पडू नये म्हणून चौथरा चारी कोपऱ्यांवर जाडजूड बोल्ट ठोकून गच्चीत पक्का केला होता. आणि प्रत्येक बोल्टभोवती डांबर फाटून पाण्याचं तळं साचलं होतं.

आता मात्र सगळे हसायचे थांबले. जुना गडी कानांवर हात ठेवून उभा राहिला. ताईंचा चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला. पण माणूस परकाच होता.

"अहो चेअरमनसाहेब," ताई हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या डांबराला भोकं पाडलीत ती पाडलीत. पण निदान स्वतःच्या उशीवर तरी पाडायची नाहीत."

चादरीतून डोकं काढत साहेब पुटपुटले, "ते... प्रवेशद्वारापाशी बसवायचं होतं. कमिटीला सरप्राइज."

"मिळालं की," काकू म्हणाल्या. "आणि अहो पांढरे बूट, तुमच्या फिल्ममध्ये साहेबांची गच्ची कशी नाही?"

"मी... साहेबांच्या गच्चीचा मान राखून..." पांढरे बूट मागे मागे सरकले आणि नेमके झाडूवरून टपकलेल्या डांबरात पडले. फाटकापर्यंत त्यांची काळी पावलं उमटत गेली.

काम ताईंना मिळालं. चूक कुणाची होती हेही घरोघर सांगायचं ठरलं, आणि ते साहेबांनी स्वतः सांगायचं, खोक्याशिवाय. काकूंनी फक्त एक अट घातली. "दर पावसाळ्याआधी सगळ्या गच्च्यांचं असंच चित्रण हवं. तुमच्या त्या ड्रोननेच."

ताई काही बोलल्या नाहीत. परतताना टेम्पोतही बोलल्या नाहीत. बटण्या मांडीवर झाडू घेऊन बसला होता, झाडूला ड्रोन चिकटला होता, आणि ओरडा कधी बसतोय याची वाट बघून बघून तो थकला. बसलाच नाही. ओरडा न बसणं म्हणजे आपण परके झालो की काय, या धास्तीने तो झाडू आणखी घट्ट धरून बसला.

संध्याकाळी तो दबकत स्वयंपाकघराच्या दारापाशी आला, तर आतून आवाज येत होता. तोच सकाळचा, खणखणीत. ताई टेबलाशी बसल्या होत्या. चहाचा कप बाजूला सारला होता आणि टेबलाच्या मधोमध, स्वच्छ फडक्यावर, ड्रोन होता. एका हातात रॉकेलची वाटी, दुसऱ्या हातात जुना टूथब्रश. ताई एकेक पातं घासत होत्या आणि फाडफाड बोलत होत्या.

"बॅटरी संपेपर्यंत हिंडायचं कशाला? घर जागेवर आहे की नाही ते बघायला नको? डोळा दिलाय तो काय शोभेला? उद्या पुन्हा सगळ्या गच्च्या बघायच्यात, मान वळवू नकोस, गधड्या. हल, इकडे हो, मेल्या!"

बटण्या दारातूनच मागे फिरला. ड्रोनची नोकरी पक्की झाली होती.