खळ चाखणारे मल्लाप्पा

पुस्तकं बांधणारे मल्लाप्पा जिल्दसाज खळ चाखून बघत. गव्हाच्या पिठाची खळ चुलीवर रटरटायला लागली, की चमच्याच्या टोकावर थोडी घेत, फुंकर घालत, जिभेवर ठेवत आणि डोळे मिटत. कच्ची लागली तर पुन्हा ढवळत. पक्की लागली तरच तिच्यात कीड लागू नये म्हणून विषारी मोरचूद पडे. मी एकदा म्हणालो, "अप्पा, चिमूटभर मीठ टाका, भाकरी मी आणतो." ते हसले नाहीत.

"मास्तर, खळीची चेष्टा करू नये," म्हणाले.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मी तेरच्या शाळेत मास्तर होतो. तेरणेकडं उतरणाऱ्या वाटेवर अप्पांचं दुकान, मागंच राहायची खोली. बायको वारलेली, एकुलती लेक लांब कानडी मुलखात, आळंदकडं दिलेली.

माणसांना काय कशानं चिकटवावं हेच कळत नाही, म्हणून जग बिघडलं, असं अप्पांचं ठाम मत होतं. कागदाला खळ, लिफाफ्याला बाभळीचा डिंक, सुरीच्या मुठीला लाख. सुतारांचा सरस मात्र दुकानाची पायरी चढत नसे, कारण तो जनावराच्या हाडाकातड्याचा. गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून ते म्हणत, "लाकडाला चालतो. मला न्हाय चालत."

एकदा पाटील फाटलेलं पंचांग घेऊन आले. त्यांच्या जावयानं हुशारी करून त्याला सरकारी दवाखान्यातली, जखमेवर लावायची चिकटपट्टी लावली होती. अप्पांनी ते दोन बोटांत धरलं.

"पंचांगाला काय गळू झालंय व्हय?"

"जरा फाटलं होतं, अप्पा..."

"ही कातडीवर लावायची चीज हाय, पाटील. कागदाचा जीव घुसमटतो हिच्याखाली." मग वाफ देऊन देऊन ती पट्टी सोडवण्यात अख्खी दुपार गेली. गावावर दरारा असलेले पाटील तोवर गुन्हेगारासारखे कोपऱ्यात बसून होते.

माझं दुखणं निराळंच होतं. वरून येणारे हुकूम उर्दूत, आणि माझं उर्दू यथातथाच. सारी भिस्त एका जाडजूड उर्दू-मराठी कोशावर. अप्पांनी बांधलेली पाटलांची पोथी वीस वर्षांत हलली नव्हती, पण त्याच हातांनी बांधलेला माझा कोश दर दोन महिन्यांनी पानं गाळी. शाळा सुटली की मी तो काखोटीला मारून दुकान गाठी.

"अप्पा, हात गेला तुमचा!"

"तुमी लई उघडता त्याला," ते म्हणत आणि चहाचं आधण ठेवत. मग लेकीच्या सासरच्या गोष्टी निघत. नातवाचे बोल ते कानडीत सांगत आणि मला कळावं म्हणून पुन्हा मराठीत. दिवेलागण कधी व्हायची, कळायचंही नाही.

अशी तीन-चार वर्षं गेली आणि माझी जळकोटला बदली झाली. तिथं जिल्दसाज नव्हता. एखादा हुकूम चुकीचा वाचला तर नोकरीवरच गदा. मी कोश अप्पांपुढं ठेवला. "या खेपेला पक्का बांधा. मी चाललो जळकोटला."

अप्पांनी कोश उचलून फळीवर ठेवला. त्या दिवशी चहा टाकला नाही.

चार दिवसांनी गेलो, तर कोश दगडासारखा घट्ट. पाठीला नवं कापड, आत दुहेरी दोऱ्याची शिवण. मी चकित होऊन म्हणालो, "अप्पा, हे आधीच का नाही केलंत?"

ते ब्रश धुवायला लागले. "आजवर म्या दोरा घातलाच न्हाय तुमच्या पुस्तकाला. नुसती पातळ खळ लावायचो."

"का पण?"

"पक्कं केलं असतं तर तुमी कशाला आला असता, मास्तर?"

मला राग यायला हवा होता. पण आला नाही. कोश काखोटीला मारून मी निघालो.

जळकोटात कोशाचं एक पान हललं नाही. रोज संध्याकाळी शाळा सुटली की मला मात्र चुकल्याचुकल्यासारखं होई. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत तेरला निघालो. निघण्याआधी घरातलं एक धडधाकट गणिताचं पुस्तक घेतलं आणि दोन्ही हातांनी ओढून त्याचा पुठ्ठा उखडला.

अप्पांनी ते उलटसुलट करून पाहिलं. ताज्या फाटीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडं न बघता आधण ठेवलं.

"लई खराब झालंय, मास्तर," ते म्हणाले. "चार-पाच खेपा तरी लागतील."