आधी कुलूप, मग तपासणी

थोरलीला पहिली मुलगी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. थोरली दवाखान्यात होती, तिचे वडील कारखान्यात होते, आणि दोघांच्या मध्ये तिच्या आईचा फोन होता. तो सारखा वाजत होता.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन टेबलं आणि एक पंखा. वडिलांना तिथे सगळे दाजी म्हणत, कारण हाताखाली होता तो त्यांचा मेव्हणा. दोघं मिळून दवाखान्यातल्या घंटांचे बोर्ड बनवत. पेशंटनं उशाजवळचं बटण दाबलं की नर्सच्या टेबलावर घंटा वाजायची. थोरली होती त्याच दवाखान्याचे बोर्ड संध्याकाळपर्यंत बसवायचे होते. जुन्या घंटा काढूनही झाल्या होत्या.

"अहो, पोरगी हाका मारून दमली," थोरलीची आई, म्हणजे मेव्हण्याच्या ताई, फोनवर म्हणाल्या. "उशाशी नुसती वायर लोंबतेय. बापाचा कारखाना घंटांचा, आणि लेकीला घंटा नाही!"

"होतंय, होतंय," दाजी म्हणाले, आणि मेव्हण्याकडे वळून ओरडले, "होतंय ना रे?"

"तुम्ही बोलायचं थांबलात तर होईल."

दाजींचा स्वभाव सगळ्यांना माहीत होता. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघत. जिना उतरत, आणि पुन्हा वर जाऊन ओढून बघत. त्यात मागच्या वर्षी कुणीतरी त्यांच्या चिपमधला प्रोग्राम वाचून हुबेहूब नक्कल बाजारात आणली होती. तेव्हापासून चिपला कुलूप लावल्याशिवाय, म्हणजे आतलं कुणाला वाचता येणार नाही अशी सोय केल्याशिवाय, बोर्ड बाहेर पडत नसे.

लॅपटॉपवर कामांचा क्रम मेव्हण्यानं लावला होता. चिप पुसायची, प्रोग्राम भरायचा, भरलेला परत वाचून ताडून बघायचा, आणि मग कुलूप. मेव्हणा हात धुवायला गेला, तेव्हा दाजींनी तो वाचला.

"हा काय वेडेपणा! आधी तपासतो आणि मग कुलूप लावतो? मग ओढून काय बघणार?" असं पुटपुटत त्यांनी कुलूप एक पायरी वर सरकवलं. शेजारी 'कायमचं, पुन्हा पुसता येणार नाही' असा चौकोन होता. त्यावरही खूण केली. अर्धवट कुलूप त्यांना कधी मानवलंच नव्हतं.

पहिल्याच बोर्डाला तपासणीत लाल दिवा लागला, म्हणजे नापास.

"चिप खराब दिसतेय," मेव्हणा म्हणाला आणि बोर्ड टोपलीत टाकला.

दुसराही लाल. मेव्हण्यानं केबल बदलली. लाल. दाजींना पंख्याचा संशय आला, तेव्हा पंखा बंद केला. आता लाल दिवा होता आणि घामही होता. मग मेव्हण्याला फोनचा संशय आला. फोन बाहेर कट्ट्यावर ठेवला, तर तो तिथे वाजू लागला आणि दाजी आतबाहेर पळू लागले.

"आलात का?" ताई विचारत.

"निघालोच!" दाजी सांगत, आणि आत येऊन आणखी एक बोर्ड टोपलीत पडताना बघत.

टेबल रिकामं झालं, टोपली भरली. मेव्हण्यानं डोकं धरलं. मग हळूच विचारलं, "दाजी, तुम्ही कशाला हात लावला होता?"

"मी? मी फक्त सुरक्षित केलं."

मेव्हण्यानं पडदा नीट बघितला. "अहो, आधी कुलूप लावलंत, मग वाचायला पाठवलंत! वाचणार काय, कपाळ? चिपा चांगल्याच आहेत!"

त्यानं टोपलीतला एक बोर्ड घंटेला जोडून बटण दाबलं. घंटा खणखणीत वाजली. दाजींनी त्याला मिठी मारली.

"बरं, आता थांबव."

मेव्हण्याचा चेहरा उतरला. "थांबत नाहीये. तुमच्या घाईत चाचणीचा प्रोग्राम भरला गेला. खरा थोडं वाजून गप्प बसतो. हा पेशंटजवळचं दुसरं बटण दाबेपर्यंत बोंबलतो."

"मग बदल ना!"

"कुलूप कसं लावलंय तुम्ही?"

"कायमचं," दाजी म्हणाले, आणि सवयीनं चिप नखानं ओढून बघितली. पक्की होती.

दुसरे बोर्ड नव्हते, म्हणून तेच बसवले. थोरलीनं बटण दाबलं. नर्स तणतणत आली. "ही कसली घंटा? बसल्या जागी थांबतच नाही. उठून यावंच लागतं!"

दाजी खाली मान घालून म्हणाले, "पुढच्या महिन्यात नवीन करून देतो."

"बाबा," थोरली म्हणाली, "खबरदार बदललीत तर."

त्या घंटा कोणी बदलल्या नाहीत. पुढे दाजी त्याच दवाखान्यात आजारी होते. एका दुपारी त्यांना धाप लागली आणि त्यांनी बटण दाबलं. नर्स पळत आली. बाहेर बाकावर बसलेल्या ताई आणि थोरलीही आवाज ऐकून आत आल्या. घंटा थांबवायचं बराच वेळ कुणाच्या लक्षात आलं नाही. नात कॉलेजात गेली त्या वर्षी, थंडीत, त्याच दुपारी दाजी वारले. जवळ घरची माणसं होती.