एका मोतीबिंदूचा समतोल विचार

ताईच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. निदान तो स्वतःशी तसं म्हणायचा. प्रत्यक्षात ते पत्र टेबलावरून रोज त्याच्याकडे बघायचं आणि तो रोज त्याच्यावर वर्तमानपत्र टाकायचा. तो एका छापखान्यातला निवृत्त मुद्रितशोधक. जन्मभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढून त्याने स्वतःच्या मताची इतकी धास्ती घेतली होती, की फळवाल्याने "काका, गोड निघालं का कालचं?" असं विचारलं तरी तो "निघालं असावं" म्हणायचा.

ताई थोरली. तिला फोनवर ऐकू येत नसे, म्हणून पत्रं. आता धड दिसतही नव्हतं, म्हणून ती शेजारणीकडून लिहून घेई.

"बाबू," पत्रात होतं, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर म्हणतात, आणखी थांबलात तर डोळे हातचे जातील. ऑपरेशनची तारीखही मिळाली. पण तू गेला होतास ना, त्या योगकेंद्राचं पत्रक शेजारणीने वाचून दाखवलं. त्यात एका बाईचा मोतीबिंदू नुसत्या तुपाने विरघळला. इतकं मनापासून लिहिलंय की मला रडूच आलं. असं लिहिणारं माणूस खोटं बोलायचं नाही. तू तिथे राहून आलास, शिवाय चार पुस्तकं वाचलेला. तू म्हणशील तसं करीन. ऑपरेशन रद्द करू का?"

अडचण एवढीच होती, की ती बाई त्याने स्वतः लिहिली होती.

झालं होतं असं. त्याची पाठ दुखत होती. या वयात पाठ दुखायचीच असं त्याचं मत होतं. पण ते त्याचंच मत असल्यामुळे त्याने ते कुणाला सांगितलं नाही. मुलाने आणि सूनबाईने हौसेने त्याला केंद्रात पाठवलं. टेकडीच्या उतारावर पांढऱ्या इमारती होत्या. जिकडेतिकडे 'शांतता' अशी पाटी आणि प्रत्येक पाटीखाली दिवसभर बासरी वाजवणारा कर्णा. तिथे कुणी रुग्ण नव्हतं, सगळे साधक होते. कुणाचं काही दुखत नव्हतं. शरीर संवाद साधत होतं.

पहिल्याच दिवशी आचार्यांनी उपचारांचं शास्त्र समजावलं. बरं वाटलं, तर तो वरवरचा आराम, मुक्काम वाढवावा. त्रास वाढला, तर दोष मुळापासून सुटू लागले; मुक्काम वाढवावा. काहीच वाटलं नाही, तर शरीर विचार करतंय. त्याला वेळ द्यावा, म्हणजेच मुक्काम वाढवावा.

"आणि माणूस गेलाच तर?" त्याच्या खोलीतला सोबती कुजबुजला. हा सोबती विमा एजंट होता, त्यामुळे त्याला असले प्रश्न सुचत.

"तर?"

"तर श्रद्धा कमी पडली, काका. आमच्याकडेही क्लेम असाच नाकारतात."

तक्रारीची सोय केंद्रात उत्तम होती. दिवसभर मौन असे, त्यामुळे ती करता येत नसे. संध्याकाळी कृतज्ञता सभेत मौन सुटे. पण तिथे प्रत्येकाने "मी कृतज्ञ आहे" एवढंच बोलायचं, पुढे काय जोडाल ते जोडा.

मालिशीनंतर तेलकट तळव्यांनी तो गुळगुळीत फरशीवर आला आणि सपशेल आडवा झाला. केंद्राची एक समन्वयक मुलगी धावत आली आणि ओठांवर बोट ठेवून तिने सभेच्या मांडवाकडे खूण केली. संध्याकाळी तो नाक मुठीत धरून उभा राहिला.

"फरशीवर पडलो, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे," तो चाचरत म्हणाला. "आधी माझी पाठ फक्त डावीकडे दुखत होती. आता दोन्ही बाजूंना सारखीच दुखते."

"समत्व!" आचार्य मिटल्या डोळ्यांनी उद्गारले. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याने आयुष्यात मिळवलेल्या या पहिल्या टाळ्या.

सभा संपल्यावर समन्वयक मुलीने त्याला गाठलं. "काका, काय भाषा आहे हो तुमची! आमचे साधक अनुभव लिहून देतात, पण 'बरं वाटलं'च्या पलीकडे गाडी जातच नाही. जरा शुद्ध करून द्याल?"

"उद्या माझं वमन आहे," तो म्हणाला. वमन म्हणजे तांब्यावर तांब्या काढा पाजायचा आणि मग तो परत मागायचा.

"लिहिणाऱ्यांना वमनाची सूट असते, काका. त्यांचं शब्दांवाटे बाहेर पडतं."

इतका बिनतोड युक्तिवाद त्याने कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून तो कार्यालयात बसू लागला. तिथे लाकडाची ताठ पाठीची खुर्ची होती, चहा होता, आणि समन्वयक मुलीच्या खणात डोकेदुखीच्या गोळ्या होत्या. "आम्ही स्टाफ आहोत, साधक नाही," ती गोळी गिळत म्हणाली. तेल बंद झालं, काढा बंद झाला, ताठ बसायची सवय लागली आणि पाठ दुखायची थांबली.

"फरक पडला ना?" आचार्यांनी विचारलं.

"पडला," तो म्हणाला. खोटं कुठे होतं? तो फरक तेलाच्या नावावर जमा झाला. खुर्चीच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं आणि तो मूग गिळून बसला.

एका साधकाच्या 'बरं वाटलं'चं त्याने 'कितीतरी वर्षांनी सकाळ सकाळसारखी वाटली' असं केलं. आचार्य खूश झाले. मग एक दिवस मुलगी काळजीच्या चेहऱ्याने आली.

"काका, पत्रक छापायला जायचंय आणि नेत्रतर्पणाला अनुभवच नाही." डोळ्यांभोवती कणकेचं आळं करून त्यात तूप भरायचं, त्याला नेत्रतर्पण म्हणत.

"कुणी केलं नाही का ते?"

"एका बाईंनी केलं होतं."

"मग त्यांना विचारा."

"त्या मधेच उठून ऑपरेशनला गेल्या ना! त्यामुळे अनुभव अर्धवट राहिला. तुम्ही फक्त पुरा करायचा."

अर्धवट मजकूर पुरा करणं हे पाप आहे असं कुठे लिहिलेलं त्याच्या वाचनात आलं नव्हतं. मजकुरात जीव हवा म्हणून त्याने डोळ्यांसमोर ताईलाच आणलं. ती सुई ओवायला खिडकीत बसते, दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं करते, पुन्हा पुन्हा हुकते आणि कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून मान वळवते. 'आणि परवा,' त्याने लिहिलं, 'पहिल्याच खेपेला सुई ओवली गेली. मी दोरा हातात धरून कितीतरी वेळ तशीच बसून राहिले.'

"हे तर खरंच घडल्यासारखं वाटतं," आचार्य म्हणाले. पुढचे काही दिवस तो जमिनीवरून चार बोटं वर चालत होता.

आणि आता ताई ते ऐकून रडली होती. रडणारच. तिचंच तर होतं.

शेवटी एका सकाळी सूनबाई म्हणाली, "अहो बाबा, आत्याबाईंच्या ऑपरेशनची तारीख आली की जवळ! काहीतरी कळवा त्यांना." तेव्हा त्याने वर्तमानपत्र बाजूला केलं आणि एका दमात लिहिलं : 'ताई, ऑपरेशन करून घे. ती बाई खोटी आहे. ती मी लिहिली.'

लिहून झाल्यावर जन्माच्या सवयीने त्याने लाल पेन उचललं.

'खोटी' हा शब्द भडक होता. बाई होतीच, फक्त निघून गेली होती. त्याने 'काहीशी रंगवलेली' केलं. 'ती मी लिहिली' हे वाक्य विषयाला सोडून होतं. कुणी का लिहिलेली असेना, डोळ्याला त्याचं काय? ते गेलं. बाई कुणी रंगवली हे आता कळेना, तेव्हा तिलाही काढावं लागलं. राहिलं 'ऑपरेशन करून घे'. पण तो काय डॉक्टर होता? उद्या काही कमीजास्त झालं, तर खापर कुणाच्या डोक्यावर? शिवाय पाठीला फरक पडला होता, तो दडपणं म्हणजे केंद्रावर अन्यायच. पत्र पुन्हा स्वच्छ उतरून काढलं, ते असं :

'ती. ताईस, सा. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं. माझ्या पाठीला तिथे फरक पडला, हे खरं. डोळ्यांबाबत मात्र दोन्ही बाजूंनी बोललं जातं. ज्याची त्याची प्रकृती वेगळी. डॉक्टरांचं ऐकावं, आपल्या मनालाही विचारावं. घाईने काही करू नये. काळजी घे. तुझा, बाबू.'

सूनबाईने ते वाचलं. "किती समतोल लिहिलंत, बाबा! कुणाला दुखावलं नाही, काही नाही."

तुम्हीही आत्ताच वाचलंत. त्यात तुम्हाला काही वावगं दिसलं नसेल, तर त्यात नवल नाही. यातलं एकेक वाक्य आपण सगळ्यांनीच कुणा ना कुणाला कळवलेलं आहे आणि कळवून झाल्यावर नीट जेवलेलो आहोत.

तारीख तोंडावर आली होती, म्हणून तो लगबगीने चपला घालून निघाला. कोपऱ्यावरच्या पेटीत त्याने पत्र टाकलं, आणि ते ऑपरेशनच्या आत ताईला मिळायलाच हवं, म्हणून आत हात घालून नीट खाली ढकललं.