आदेलिनोंचा गोल आणि फुटलेली नळी

सिंकखालची नळी फुटली तेव्हा आदेलिनो त्रावासोस मासे साफ करत होते. बायको, ग्रासिएत, बहिणीकडे एव्होराला गेलेली. त्यांनी नळीला फडका बांधला. पाण्याने तो फडका उडवून दिला. शेवटी प्लंबरला फोन केला.

प्लंबर झेफेरिनो दारात आला आणि त्याच्या हातातली हत्यारांची पेटीच गळून पडली.

"कॅप्टन! तुम्ही?"

"मीच. पाणी तिकडे आहे."

"कपची फायनल! शेवटचं मिनिट! तुमचं ते हेडर! माझ्या बापानं आयुष्यात पहिल्यांदा मला मिठी मारली हो त्या दिवशी!"

आदेलिनोंनी डोळे मिटले. ते फुटबॉलमधून कधीच निवृत्त झाले होते, गुडघेही निवृत्त झाले होते. तो गोल मात्र निवृत्त व्हायचं नाव घेत नव्हता. दातांच्या डॉक्टरने तोंडात चिमटा असताना त्याबद्दल विचारलं होतं. सासऱ्यांच्या अंत्यविधीत पाद्रीबाबांनीही विचारलं होतं.

"आधी पाणी बंद करा ना."

"करतो की! फक्त एकदा दाखवा, उडी कशी घेतलीत."

लवकर उरकेल या आशेने आदेलिनोंनी उडी घेतली आणि ओल्या फरशीवरून घसरून टेबलासकट आडवे झाले.

"अस्सेच पडला होतात!" प्लंबर रडायलाच लागला. त्याने मेव्हण्याला फोन लावला, "पळत ये! कॅप्टन गोल करून दाखवतायत!"

मेव्हणा आला तो कोपऱ्यावरच्या कॅफेतली सगळी मंडळी घेऊन. बूट हातात, पँट्स गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, अशा थाटात सगळे स्वयंपाकघरात उभे राहून क्लबचं गाणं म्हणू लागले. कुणीतरी वाइनही आणली. पाणी घोट्याला लागलं.

"कुणीतरी बंद करा रे ते!" आदेलिनो कळवळून ओरडले.

"करतो, कॅप्टन! आणखी एकदाच उडी!"

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या दोना युफ्रासिया उघडी छत्री घेऊन दारात आल्या. बाई मूळच्या नदीपलीकडच्या, म्हणजे कट्टर विरोधी संघाच्या. इतक्या वर्षांत त्यांनी आदेलिनोंना साधा नमस्कार केला नव्हता.

"गाढवांनो!" एवढंच म्हणून त्या तरातरा खाली गेल्या आणि इमारतीचा मुख्य नळ बंद करून टाकला.

आदेलिनोंना त्यांचे पाय धरावेसे वाटले. आपण निव्वळ एक वाईट शेजारी आहोत असं मानणारं एक तरी माणूस गावात होतं! नुकसान पाहायला ते खाली गेले.

छत ठिबकत होतं. भिंतीवर संत अंतोनियोच्या शेजारी एक फोटो होता. त्यात तरुण आदेलिनो, डोक्याला दोन्ही हात लावून गवतावर गुडघे टेकलेले.

"ही... ती पेनल्टी?"

"आमच्याविरुद्ध घालवलीत ती. म्हणून तर आमचा क्लब लीगच्या पहिल्या विभागात टिकला. आमचे हे होते तोवर रोज तुमच्या नावानं मेणबत्ती लावायचे. मला म्हणायचे, त्याच्याशी बोलू नकोस, तोंडातून आभार निसटले तर त्याला लागेल."

आदेलिनो ओल्या कोचावर कोसळले. आता जगात लपायला जागा उरली नव्हती.

"पण एक सांगा," दोना युफ्रासिया हळूच म्हणाल्या, "चुकली कशी हो?"

आदेलिनोंनी मान वर केली. हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. ग्रासिएतनेही नाही.

"वारा समुद्राकडून होता," ते म्हणाले. मग त्यांनी मैदानातला चिखल सांगितला, गोलकीपरचे डोळे सांगितले, आदल्या रात्री न लागलेली झोप सांगितली. उठून दोन खुर्च्यांचा गोलसुद्धा उभा केला. बाईंनी जांभई दिली. मग दुसरी दिली. मग दाराकडे पाहिलं.

"मला चर्चला जायचंय हो."

"बसा हो, बाई," आदेलिनो म्हणाले, "अजून मी चेंडू कुठे ठेवलाय!"