शून्य ते शंभर, पाहुणे सहा

हात कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले होते, म्हणून त्याने बायकोसाठीचा निरोप मोबाइलला तोंडी सांगितला. मोबाइलने तो लिहून घेतला आणि पाठवूनही दिला. काय लिहिलंय ते बघायच्या भानगडीत तो पडला नाही.

गॅरेजमधली गाडी पस्तीस वर्षांची होती. लाल रंगाची, दोन दारांची, टर्बो इंजिनाची कूपे. एके काळी पोरं तिचे आकडे पाठ करायची: शून्यापासून ताशी शंभर किलोमीटर गाठायला पावणेसहा सेकंद, कमाल वेग अडीचशे. त्याच्याकडे आल्यापासून तिने साठच्या वर काही पाहिलं नव्हतं. टर्बोची एक खोड होती. पाय दाबला की आधी काहीच होत नसे आणि मग सगळं एकदम होत असे.

"तुझ्यासारखीच आहे," बायको म्हणायची. "फक्त ती पुढचा भाग तरी करते."

बायको नर्स होती. सलग नऊ रात्रपाळ्यांतली शेवटची रविवारी सकाळी संपणार होती. तिने नवऱ्याकडे दोनच गोष्टी मागितल्या होत्या. एक, ही सवत विकून टाक. दोन, रविवारी मला झोपू दे. "घराला आग लागली तर आधी तू विझवून बघ. नाहीच जमलं तर उठव."

शनिवारी संध्याकाळी कामावर जायला निघताना तिने निरोप वाचला. 'रविवारी अकराला डॉक्टर येतायत. शून्य ते शंभर पाहुणे सहा. जास्तीत जास्त अडीचशे. मागे दोन बसतील पण लहान हवेत.'

ती बसस्टॉपवर उभी राहिली आणि तिने तो पुन्हा वाचला. अपुऱ्या माहितीवरून पटकन निष्कर्ष काढायची तिला कामामुळे सवय होती. शून्य ते शंभर ही वयं. म्हणजे एक तान्हं बाळ, एक अगदी थकलेलं माणूस आणि मधले चौघं. त्यांतली दोन लहान, ती मागच्या खोलीत बसतील. अडीचशेचं काही कळेना. बहुधा ग्रॅम. साखर संपलीच होती. तरीही खात्री करावी म्हणून तिने फोन लावला. तो गाडीखाली होता. फोन स्पीकरवर, पलीकडच्या स्टुलावर.

"पाहुणे सहा? नक्की?"

गाडीखाली ते 'पावणेसहा' असंच ऐकू आलं.

"नक्की. कंपनीचा आकडा आहे."

"कंपनीचे? अरे, डॉक्टर म्हणालास ना?"

"डॉक्टरांनाही हेच सांगितलंय. पण खरं सांगू, आता वय झालंय. तू आपली सात धरून चाल."

"आणि हे मला आज सांगतोस?"

"आज कुठे? लग्नाच्या आधीपासून सांगतोय."

तिने फोन ठेवला. भांडायला लागणारी ताकद तिने नवव्या रात्रीसाठी राखून ठेवली. मग भावाला फोन केला. थकलेल्या माणसासाठी हातांची खुर्ची आणि बाळासाठी पाळणा, एवढंच मागितलं. भावाने कशाला म्हणून विचारलं, तर तिने निरोप वाचून दाखवला.

रविवारी सकाळी आठला ती घरी आली, पर्स खुंटीला लावली आणि सात माणसांचा भात धुवायला घेतला. गॅरेजमध्ये गाडी पुसताना त्याला फोडणीचा वास आला. गाडी जाणार म्हणून बायको खूश आहे, असा त्याने अर्थ काढला आणि त्याला जरा वाईट वाटलं.

साडेदहाला मेहुणा आला. खुर्ची आणि पाळण्याबरोबर त्याची बायको होती, बाळ होतं, आई-बाबा होते आणि ब्याण्णव वर्षांचे आजोबाही होते.

"हे सगळे कसे काय?" त्याने विचारलं.

"मदतीला, भावोजी. ताईची नाइट झालेली, त्यात तुम्ही एवढी माणसं बोलावलीत."

"कोणती माणसं?"

मेहुण्याने खुंटीवरच्या पर्समधून ताईचा मोबाइल काढला आणि निरोप त्याच्यासमोर धरला. त्याने तो वाचला. पुढची काही मिनिटं त्याचं तसंच झालं, पाय दाबलाय आणि काही होत नाही. मग सगळं एकदम कळलं आणि तो हातांच्या खुर्चीत बसला.

"भावोजी, ती आजोबांसाठी आहे."

"आजोबा कुठायत?"

"आत पलंगावर. जिना चढून दमले."

"बाळ?"

"सोफ्यावर. पाळण्यात रडतंय."

सासूबाई कंबर टेकायला दिवाणावर आडव्या झाल्या होत्या. घरात आडवं होता येईल अशी एकही जागा उरली नव्हती. आणि बायको कुठेच दिसत नव्हती.

बरोबर अकराला डॉक्टर आले. ऑपरेशनच्या आधी भूल देणारे, बारीक चणीचे गृहस्थ, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. गळ्यात स्टॉपवॉच होतं.

"आकडा तपासल्याशिवाय मी घेत नाही," ते म्हणाले. "पावणेसहा म्हणालात ना?"

"मी तसंच म्हणालो होतो," तो थकून म्हणाला आणि त्याने गॅरेजचं शटर वर केलं.

ड्रायव्हरची सीट पूर्ण मागे पाडलेली होती. तिच्यावर बायको झोपली होती, ॲप्रनसकट. दोन्ही दारं आतून बंद होती.

"उठवतो," तो म्हणाला. पण हात काचेपाशी जाऊन थांबला. दोनच गोष्टी मागितल्या होत्या तिने.

"थांबा." डॉक्टर काचेला नाक लावून बघत राहिले. "मी रोज पाच-सहा माणसांना झोपवतो. अशी झोप माझ्या औषधांनी येत नाही. आत आवाज येतो का?"

"दारं लावली की काहीच नाही."

"घेतली."

"चालवून नाही बघणार?"

"चालवायची कुणाला आहे?" डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "घरी जुळी मुलं आहेत. भाऊ बासरी शिकतोय. गॅरेजमध्ये गाडीचं काम करतो म्हटलं की दोन तास कोणी विचारत नाही."

तो स्वतःच्या ग्रीसच्या हातांकडे बघत राहिला. ही युक्ती डॉक्टरांना कुठून कळली, याचंच त्याला नवल वाटत होतं.

तेवढ्यात घरात बाळाने सूर लावला आणि मेहुणा शटरमधून ओरडला, "भावोजी, भात करपतोय, ताई कुठाय?"

शटर उघडं असताना गाडीतही थोडं ऐकू जात असावं. काच दोन बोटं खाली आली.

"हे कोण?" बायकोने डोळे न उघडता विचारलं.

"डॉक्टर. गाडी घेतायत. म्हणजे घेतलीच."

"नाही विकायची."

"अगं, तूच म्हणालीस ना, सवत बाहेर काढ म्हणून."

"राहू दे तिला. या घरात तिला एकटीलाच माझ्याकडून काही नकोय." ती कुशीवर वळली. "आत सात जणांचं जेवण आहे. डॉक्टरांना बसव. भाताखालचा गॅस बंद कर. मला उठवू नका."

काच वर गेली. डॉक्टरांचा अंगठा सवयीने स्टॉपवॉचवर पडला. दोघेही काचेतून बघत राहिले. आधी तिची भुवई सैल झाली, मग जबडा, मग खांदा. डॉक्टरांनी पुन्हा अंगठा दाबला, घड्याळ उजेडात धरलं आणि खेदाने मान हलवली.

"पाच पूर्णांक पंच्याहत्तर."

"म्हणजे पावणेसहा," तो म्हणाला. पस्तीस वर्षांच्या गाडीने कंपनीचा आकडा गाठला होता, तोही इंजिन बंद ठेवून. त्याने आवाज न करता शटर खाली ओढलं आणि डॉक्टरांना पाहुण्यांमध्ये बसवायला आत घेऊन गेला.